कळसूत्री रामायण
मुंबईंत १९५२ सालीं 'लिटल बॅले ट्रूप' ही नृत्यमंडळी उभी राहिली, तेव्हां तिचे सूत्रधार शांति बर्धन क्षयानें जर्जर झालेले होते. उदयशंकरांच्या अल्मोडा केंद्रांत व पुढें इप्टाच्या नृत्यपथकांत त्यांचीं उमेदीचीं वर्षें गेलीं होतीं. १९५३ च्या 'रामायण' या नृत्यनाट्यांत त्यांनीं जिवंत नर्तकांच्या कळसूत्री बाहुल्या केल्या : मुखवटे, ताठर अंगें, तुटक हालचाली. आमच्या पौराणिक नाटकांच्या भरजरी थाटापुढें ही युक्ति साधीच म्हणावयाची. परंतु राम आणि रावण दोघेही कुणाच्या तरी दोरीवर हालत आहेत, हा भास तिनेंच साधला.

१९५४ त बर्धन वारले. अशा मंडळ्या सूत्रधारामागें बहुधा मोडतात. ही मोडली नाहीं. पत्नी गुल बर्धन यांनीं सहकाऱ्यांसह ती चालविली. १९६४ त बिऱ्हाड ग्वाल्हेरीस हाललें, पुढें भोपाळास. गुलबाई २०१० त निवर्तल्या.