भाजी नसली तरी जेवण अडत नाही: डाळ-पिठावर होणारे चार गरम पदार्थ, वाटीच्या मापासह

आठवडी बाजाराला अजून दोन दिवस आहेत, टोपलीत कांदे-लसूण सोडून काही उरलेलं नाही, आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. अशी वेळ प्रत्येक घरात येते. तेव्हा डब्यातलं बेसन, तुरीची डाळ, हुलग्याचं पीठ आणि तांदूळ कामाला येतात.

अडचण एकच असते. हे पदार्थ आपल्याकडे अंदाजाने केले जातात. आईला, आजीला माप लागत नाही. पण ती आजारी पडली, माहेरी गेली किंवा शेतातून यायला तिला उशीर झाला, तर घरातल्या बाकीच्यांना तो अंदाज नसतो. मग पोरं पाकिटातल्या नूडल्सवर भागवतात. म्हणून इथे चार पदार्थ मापासह आणि पदार्थ शिजल्याच्या खुणेसह देत आहोत. पोरगा असो, पोरगी असो की घरचा कर्ता, कुणालाही जमतील.

माप: घरातली एकच वाटी घ्या, सगळं तिनेच मोजा. सर्व माप चार माणसांचं आहे. तिखट-मीठ घरच्या सवयीप्रमाणे.

1) पिठलं (वेळ 20 मिनिटं)

विदर्भात याला नुसतं बेसन म्हणतात.

साहित्य: बेसन 1 वाटी, पाणी 3 वाट्या, कांदा 1, लसूण 8-10 पाकळ्या, हिरव्या मिरच्या 4, तेल 3 चमचे, मोहरी, जिरे, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर.

कृती: बेसनात 1 वाटी पाणी थोडं थोडं घालून गुठळ्या मोडा. कढईत तेल तापवून मोहरी तडतडू द्या. मग जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची आणि कांदा परता. हळद, मीठ आणि उरलेलं 2 वाट्या पाणी घाला. पाण्याला चांगली उकळी आली की एका हाताने पीठ ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. झाकण ठेवून मंद आचेवर 7-8 मिनिटं शिजवा, मधे दोनदा हलवा.

शिजल्याची खूण: बेसनाचा कच्चा वास जातो आणि पिठलं कढईच्या कडा सोडायला लागतं. पिठल्याने पोट बिघडलं अशी तक्रार असते, ती बऱ्याचदा कच्च्या राहिलेल्या पिठल्याची असते. म्हणून ही 7-8 मिनिटं वाचवू नका. भाकरी आणि फोडलेला कांदा सोबत असला की झालं.

2) वरणफळं (वेळ 40 मिनिटं)

कुणी चकोल्या म्हणतं, कुणी डाळफळं. वेगळी पोळी लाटायची गरज नाही, एका पातेल्यात जेवण होतं.

साहित्य: तुरीची डाळ पाऊण वाटी, कणीक दीड वाटी, ओवा, हळद, तिखट, काळा किंवा गोडा मसाला 1 चमचा, आमसूल 3-4 किंवा थोडी चिंच, गुळाचा लहान खडा, लसूण, फोडणीचं साहित्य, मीठ.

कृती: डाळ कुकरला मऊ शिजवून घोटा. कणकेत ओवा, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घालून पोळीपेक्षा घट्ट मळा. पातेल्यात लसणाची फोडणी करून डाळ, 5 वाट्या गरम पाणी, तिखट, मसाला, आंबट आणि गूळ घाला. उकळी येईपर्यंत पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा. उकळत्या वरणात ते थोडे थोडे सोडा. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. 10-12 मिनिटं शिजू द्या.

शिजल्याची खूण: फळ बोटाने सहज तुटतं. थंड झालं की वरण दाटतं, म्हणून जरा पातळ असतानाच उतरवा. वरून तूप.

3) शेंगोळे (वेळ 45 मिनिटं)

हुलगा म्हणजे कुळीथ. कमी पाण्यावर येणारं कोरडवाहू पीक. थंडीत शेंगोळ्यांसारखं दुसरं ऊबदार जेवण नाही.

साहित्य: हुलग्याचं पीठ दीड वाटी, ज्वारीचं पीठ अर्धी वाटी, कणीक अर्धी वाटी, लसूण 12-15 पाकळ्या, जिरे, तिखट, हळद, मीठ, तेल, पाणी 7 वाट्या.

कृती: लसूण-जिरे वाटून घ्या. अर्धं वाटण पिठात घाला, तिखट, हळद, मीठ टाकून घट्ट मळा. हाताला तेल लावून करंगळीएवढ्या वळ्या करा आणि टोकं जोडून कडी बनवा. उरलेल्या वाटणाची फोडणी करून पाणी, मीठ घाला. खळखळ उकळी आल्यावर शेंगोळे एकेक करून सोडा. लगेच ढवळू नका, मोडतात. पीठ मळलेली परात थोड्या पाण्याने धुऊन तेही पातेल्यात ओता, रस्सा दाट होतो. 20 मिनिटं शिजवा.

शिजल्याची खूण: एक शेंगोळं मोडून बघा. मधे कोरडं पीठ दिसलं तर आणखी 5 मिनिटं ठेवा.

4) मऊ भात (वेळ 30 मिनिटं, भिजवणं वेगळं)

ताप उतरलेल्या माणसाला, दात नसलेल्या आजोबांना, लहान लेकरांना हाच बरा.

साहित्य: तांदूळ 1 वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, पाणी 7 वाट्या, हळद, मीठ.

कृती: तांदूळ-डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरला मंद आचेवर 5-6 शिट्ट्या काढा. वाफ जिरल्यावर पळीने घोटा. वर तूप, घरात असेल तर मेतकूट.

शिजल्याची खूण: दाणा दोन बोटांत दाबला की विरघळतो. आजाऱ्याला ताजाच द्या. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी देऊ नका.

काही बिघडलं तर

पिठल्यात गुठळ्या झाल्या तर आचेवरून उतरवून रवीने घुसळा. मीठ जास्त झालं तर गरम पाणी वाढवा, पिठल्यात थोडं कालवलेलं बेसन घालून पुन्हा शिजवा. खाली लागलं तर खरवडू नका, वरचं वेगळ्या पातेल्यात काढा.

पोषणाचं काय?

बेसनाची हरभरा डाळ, तूर आणि हुलगा यांत 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिनं असतात. भाकरी किंवा भाताची जोड मिळाली की भाजीविनाही ते ताकदीचं जेवण होतं. मात्र रोज असंच भागवू नका. भाजी आली की ताटात घ्याच.

डबा भरताना बेसन आणि हुलग्याचं पीठ 15-20 दिवसांपुरतंच दळून आणा. पावसाळ्यात पिठाला लवकर जाळी लागते आणि जुनं बेसन कडवट होतं. ही चार मापं घरातल्या पोरांना एकदा करून दाखवा. पुढच्या वेळी आई तापाने झोपली असेल, तर तिला गरम वाटी हातात मिळेल.