संविधान सभेचं मूळ गाव

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावाने ऑक्टोबर १७७६ मध्ये एक ठराव केला. इंग्लंडशी लढाई पेटलेली होती. नवी राज्यघटना आम्हीच लिहू का, असं राज्याच्या कायदेमंडळाने गावोगाव विचारलं होतं. कॉन्कॉर्डच्या गावसभेने साफ नकार कळवला. घटना असते ती राज्यकर्त्यांपासून लोकांच्या हक्कांचं रक्षण करायला. जे मंडळ ती लिहील त्याला ती बदलताही येईल, मग रक्षण कसलं? एवढ्या एका कामासाठी वेगळी सभा निवडा, असं गावाचं म्हणणं.

कायदेमंडळाने ऐकलं नाही. १७७८ साली त्याने स्वतःच मसुदा करून धाडला. त्यात हक्कांची सनदच नव्हती. गावांनी सुमारे पाचास एक अशा मतांनी तो फेटाळला.

मग मात्र वेगळी सभा निवडावी लागली. ती १ सप्टेंबर १७७९ ला केंब्रिजमध्ये भरली. मसुदा बहुतांशी जॉन ॲडम्सच्या हातचा. पण त्याच्या लेखणीपेक्षा मला पुढची गोष्ट मोलाची वाटते: छापील मसुदा पुन्हा गावोगाव गेला. एरवी मताधिकाराला मालमत्तेची अट असे, ती या कामापुरती एकवीस वर्षांवरच्या स्वतंत्र पुरुषांसाठी उठवली. बायकांना मत नव्हतंच. गावसभांनी एकेक कलम वाचलं, कुठे काय खटकतं ते लिहून मतांच्या आकड्यांसह कळवलं. ते कागद आजही जपलेले आहेत, आणि १७८० ची ती घटना दुरुस्त्यांसह अजून लागू आहे.

पुढे १७८७ ला फिलाडेल्फियात आणि १७८९ ला फ्रान्समध्ये घटना लिहिणाऱ्या सभा भरल्या.

आपली संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ ला बसली. ती बहुतांशी प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली होती आणि तयार घटनेवर लोकांचं मतदान झालं नाही, ही मला उणीवच वाटते. स्वातंत्र्यानंतर तर कायदे करणंही तिच्याच गळ्यात पडलं. तरी दोन कामांची सरमिसळ तिने होऊ दिली नाही. घटनेसाठी बसली की अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. कायद्यांसाठी बसली की अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले गणेश वासुदेव मावळंकर.

घटनादुरुस्तीचा अधिकार मात्र कलम ३६८ ने संसदेच्याच हाती गेला, आणि कॉन्कॉर्डची शंका दिल्लीत उभी राहिली. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी निकाल दिला: संसदेला दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.