धाब्याचा गारवा आणि पांढरीची माती

१/ मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तरीही जुन्या धाब्याच्या घरात पाऊल ठेवताच गारवा जाणवतो. हा गारवा बराचसा छपरातल्या मातीचा असतो आणि ती माती कित्येकदा प्राचीन वस्तीतून आलेली असते. खानदेशच्या या छपराची आणि त्यापायी मोजलेल्या किमतीची ही कथा.

२/ धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. भिंतींवर सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन. त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा कडुलिंबाचा पाला. त्यावर चिखलाचा जाड थर आणि सर्वांत वर पांढरी माती. सागवान सातपुड्याचे, पऱ्हाट्या गावच्याच कापसाच्या शेतातल्या.

३/ जाड माती सावकाश तापते. दुपारचे ऊन छपराच्या आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर घरातली माणसे अंगणात किंवा त्याच धाब्यावर अंथरुणे टाकायच्या तयारीत असतात. काड्यांच्या थरात कोंडलेली हवाही उष्णता अडवते.

४/ अडचण होती ती न दिसणाऱ्या जागांची. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक, छप्पर भिंतीला टेकते ती कड, फळ्या आणि माती यांमधला पाला : एकदा झाकल्यावर इथे हात पोहोचत नाही. तिथे पाणी मुरले की ओली माती उष्णता आत सोडते, लाकूड कुजते, वाळवी लागते.

५/ खालून दुरुस्ती करायची तर फळ्याच उचकटाव्या लागत. म्हणून उपाय वरून होई. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती पसरायची, पाणी शिंपडून ती धोपटायची, भिंतीलगतच्या भेगा बुजवायच्या आणि पन्हळाकडे उतार द्यायचा. जी जागा दिसत नाही, ती वरून कोरडी राखायची.

६/ पण माती कोणती? खानदेशात काळी माती मुबलक. मात्र ती पाण्याने फुगते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते. छपरावर भेग म्हणजे गळती. बारीक पोताची, राख आणि चुन्याचा अंश असलेली पांढरी माती दाबून घट्ट बसते आणि फारशी फुगत नाही.

७/ ही माती मिळे कुठे? मराठी मुलखात शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, शेण आणि कचरा साचून वस्तीची जमीन पांढुरकी होते. गाव उठून गेले की मागे पांढरीचे टेकाड उरते.

८/ अशाच टेकाडांत खानदेशचा प्राचीन इतिहास सापडला. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळ येथे १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी. प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले.

९/ पुरातत्त्वात थराचा क्रम हाच पुरावा. खालचे खापर जुने, वरचे नंतरचे. टेकाडातून गाडीभर माती उचलली की हा क्रम मोडतो. खापर धाब्यावर शाबूत पोहोचते, पण ते कोणत्या काळाच्या कोणत्या घरातले, हे सांगणारा संदर्भ टेकाडातच पुसला जातो. गावोगावची कितीतरी टेकाडे अशी खणली गेली.

१०/ माती नेणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण पाऊस तोंडावर आलेला, छप्पर गळके आणि गावाजवळ फुकट मिळणारी हीच एक योग्य माती. चार हजार वर्षांपूर्वीच्या घराची भिंत आजच्या घराचे छप्पर झाली, ती या गरजेतून.

११/ पुढे पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले. दरवर्षी माती घालण्याचे कष्ट सरले. पातळ स्लॅब मात्र दिवसभर तापून रात्री घरात उष्णता सोडतो. आता जुनी धाबी उतरवली जातात, तेव्हा त्या मातीत खापराचे तुकडे दिसू शकतात. ते कोणत्या टेकाडातून आले, हे गावातल्या वृद्धांना अजून आठवत असेल, तर विचारण्याची वेळ हीच आहे.