आधीं बांध, मग वांटा

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं गोव्याच्या गांवकरीचें स्मरण करणें आम्हांस उचित वाटतें; तेथील अनेक ख्रिस्तमंदिरांस तिच्याच सामायिक उत्पन्नाचा आधार लाभला. इ. स. १५२६ त पोर्तुगीज अधिकारी आफोंस मेशिया यानें तिसवाडीच्या गांवकऱ्यांचे पूर्वापार रिवाज लिहून ठेविले. खाडीकांठच्या खाजणांस बांध असे. त्यांतील मानशीचीं दारें ओहोटीस उघडत, भरतीस मिटत. बांधदुरुस्त्यादि सामायिक खर्च आधीं भागवावा, उरेल तेंच वांटून घ्यावें, हा नियम. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांचा भार कुळांच्या संघांकडे गेला. कोठें हयगयीनें, कोठें मासळीच्या लोभानें बांध फुटले व भातशेतें खारावलीं. खारें पाणी कोणाचीच मेर ओळखीत नाहीं. या धड्याचा विसर आम्हां कोणासही न पडो, हीच परमेश्वरचरणीं प्रार्थना.