बायबलमधील भाकिते व इस्राएलचे राजकारण

इस्राएलविषयीच्या राजकीय घडामोडी म्हणजे बायबलमधील भाकितांची पूर्तता होय, असे मानणारा, ख्रिस्ती झायोनवाद म्हणून ओळखला जाणारा विचारप्रवाह. तो प्रामुख्याने अमेरिकेतील इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांत आढळतो. त्याची मांडणी जॉन नेल्सन डार्बी (१८००–८२) या धर्मोपदेशकाने केली. ज्यूंना दिलेली वचने चर्चकडे गेली नसून ती अक्षरशः पुरी व्हायची आहेत, हा तिचा गाभा. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या सटीप बायबलमुळे ती घरोघरी पोहोचली. मूळ वचन कोठे संपते आणि टीप कोठे सुरू होते, याचे भान मात्र अनेक वाचकांना उरले नाही.

१९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले आणि १९६७ च्या युद्धात त्याने पूर्व जेरुसलेम घेतले. या घटनांनी अनुयायांचा विश्वास दुणावला. हॅल लिंडसी यांच्या द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ (१९७०) या अफाट खपाच्या पुस्तकात यहेज्केलच्या ग्रंथातील इस्राएलचा शत्रू गोग म्हणजे सोव्हिएट रशिया ठरला. १९४८ पासून चाळीस वर्षांची एक पिढी धरल्यास १९८८ च्या सुमारास अंतकाळ येईल, असेही त्यात सुचविले होते. ते वर्ष सरले, सोव्हिएट संघही मोडला. वाचनाची पद्धत तेवढी टिकली. बातमी बदलली की अर्थ बदलायचा, हेच तिचे बळ आणि हाच तिचा मोठा दोष.

कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चना ही मांडणी मान्य नाही. जेरुसलेममधील काही चर्चप्रमुखांनी २००६ मध्ये संयुक्त निवेदन काढून ख्रिस्ती झायोनवाद नाकारला.