बोट कुणाची, नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, आपल्या बीडला समुद्र नाही. तरी आज आम्ही शिडाच्या बोटींची गोष्ट सांगणार आहोत.

१९६८ साली 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ जण एकेकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. शेवटपर्यंत पोहोचला एकच, ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. नव्या बोटीला पैसा मिळेना, म्हणून त्यानं आपली 'सुहेली'च काढली. ती मुंबईत आपल्या सुतारांनी सागवानाची बांधलेली. १९६९ मध्ये जिंकल्यावर नाव झालं त्याचं आणि ब्रिटनचं. सुतारांची नावं कोण सांगतं?

२०२२ ची शर्यतही जुन्याच नियमांनी झाली. उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र वापरायचं नाही, सूर्य-तारे पाहून वाट काढायची. आपल्या नौदलातून निवृत्त झालेला अभिलाष टॉमी दुसरा आला. पैसा अमिरातीतल्या 'बयानात' कंपनीचा, बोटीचं नावही तेच. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन न्यूशेफर, एक बाई!

साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, ऊस तोडणारीचं नसतं. म्हणून गटाच्या वहीत आपण एक पान राखूया. कोण कोणत्या साली तोडीला गेली, नावानिशी लिहूया.