दोन ताऱ्यांमधली जागा

‘पेरणीला अजून अवकाश आहे’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात वेळ असतो. ‘अवकाशयान’ म्हणतो, तेव्हा पोकळी. इंदूर-ग्वाल्हेरकडे हा शब्द जपूनच वापरावा लागतो, कारण शेजारच्या हिंदीत अवकाश म्हणजे रजा. बेळगावच्या कानडी शेजाऱ्यास तो संधी वाटतो, आणि हैदराबादच्या तेलुगू भाषकासही तेच. ‘अंतरिक्ष’ हा शब्द वेदकाळापासूनचा खरा. परंतु पृथ्वी आणि द्युलोक यांमधला, मेघांचा व वाऱ्यांचा, तो प्रदेश होय. तारे त्याच्याही वर. म्हणून दोन ताऱ्यांमधल्या जागेसाठी ‘आंतरतारकीय’ हा शब्द ‘आंतरजातीय’च्या धर्तीवर घडवावा लागला. उच्चारास तो जड, पण अर्थास चोख आहे.

त्याचा मूळ इंग्रजी शब्द ‘इंटरस्टेलर’. फ्रान्सिस बेकनच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्वा सिल्वेरम’ या ग्रंथात तो आढळतो. ताऱ्यांमधले आकाश ताऱ्यांच्याच जातीचे असून त्यांच्यासारखेच फिरते, अशी बेकनची समजूत होती. पुढे १६७४ मध्ये रॉबर्ट बॉइलने हाच शब्द योजला, तो मात्र नव्या एपिक्युरसपंथीयांचे मत सांगताना. त्यांच्या मते ही जागा निखळ रिकामी. म्हणजे अर्धशतकही लोटले नाही तोच, शब्द तसाच राहून त्यातले द्रव्य नाहीसे झाले!

ते परत मिळावयास १९०४ साल उजाडले. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एक वस्तुतः जोडतारा आहे. त्याच्या वर्णपटातील रेषा त्याच्या भ्रमणाबरोबर मागेपुढे सरकतात. कॅल्शियमची एक रेषा तेवढी सरकत नाही, असे योहानेस हार्टमान यास दिसले. तेव्हा तो कॅल्शियम ताऱ्यावरचा नव्हे, वाटेवरचा. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लरने तारकागुच्छ तपासून वाटेवर धूळही असल्याचे दाखविले. ही गोष्ट लहान नव्हे. धुळीने मंदावलेला तारा ज्योतिषी दूरचा समजत आले होते, आणि आकाशगंगेची त्यांची मापे त्यामुळेच चुकत होती.

हे द्रव्य विरळ किती? सरासरीने एका घन सेंटिमीटरात एखादाच अणू. आपल्या प्रयोगशाळांतील उत्तम निर्वातही त्यामानाने दाटच म्हणावा लागेल.

व्हॉयेजर-१ हे यान २५ ऑगस्ट २०१२ रोजी सौरवाऱ्याची सीमा ओलांडून या प्रदेशात शिरले. बाहेरचा विद्युतभारित वायू आतल्यापेक्षा कितीतरी पटींनी दाट असल्याचे त्याच्या उपकरणांवरून कळले. ‘पोकळी’त पाऊल टाकताच दाटी वाढावी, हे नवलच. यान सूर्यमालेबाहेर गेले, असे त्या वेळी सर्रास लिहिले गेले. ते बरोबर नव्हे. आंतरतारकीय म्हणजे सूर्याच्या वाऱ्यापलीकडचे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाची सत्ता तेथून फार पुढपर्यंत चालते. धूमकेतूंचे जे दूरचे कोठार त्या सत्तेत येते, त्याच्या अलीकडच्या काठाशी पोहोचावयास यानास सुमारे तीनशे वर्षे लागतील, आणि ते पार करावयास तीस हजार.